कावीच्या नक्षीवर मिअर एक्स्पोजरचा प्रयोग: वारंवार दाखवलेली चित्रंच कमी आवडली, असं का?

नक्षी_फोंडा

नमस्कार मंडळी. एमए मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी मिअर एक्स्पोजर हा विषय आहे: एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा नजरेखालून गेली तर ती जास्त आवडू लागते का. परदेशी चिन्हं किंवा निरर्थक शब्द घेण्यापेक्षा आपल्या गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवरची कावी, म्हणजे लाल-पांढरी खरवडून काढलेली नक्षी, घ्यावी असं ठरलं. पायलटचा आराखडा असा:

कावीच्या नक्षीचे २० फोटो. त्यातले १० पहिल्या टप्प्यात. प्रत्येक चित्र सलग १० वेळा, दर वेळी २ सेकंद. मग लगेच सगळी २० चित्रं एकेक करून. प्रत्येकाखाली आधी ‘हे मघाशी पाहिलं होतं का? हो/नाही’ आणि त्याखाली ‘किती आवडलं? १ ते ७’. सहभागी ४०, सगळे कॉलेजचे विद्यार्थी, कॉम्प्युटर लॅबमध्ये एका वेळी दहा-बारा जण.

निकाल उलटा आला. दाखवलेल्या चित्रांची सरासरी ४.१, नव्यांची ४.४, आणि जोडीच्या टी-टेस्टमध्ये (दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा असेल का, हे तपासणारी चाचणी) फरक सार्थ. गाइडचं म्हणणं, चित्रं १७ मिलिसेकंदच दाखवून परिचय नकळत घडवावा, मग परिणाम दिसेल. हा उलटा निकाल खरा मानायचा का? मुख्य प्रयोगात काय बदलू? आणि १७ मिलिसेकंदांचं प्रकरण लॅबच्या साध्या मॉनिटरवर जमतं का?

झेडस्कोअर

आधी एक सांगा. पहिल्या टप्प्यात सगळ्यांना तीच १० चित्रं दिसली, की प्रत्येकाला वेगळी? बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

नक्षी_फोंडा

सगळ्यांना तीच. निवड नजरेनेच केली होती, सोडत काढून नाही.

कुळागर

मग हा निकाल उलटाही नाही आणि सुलटाही नाही. ‘दाखवलेली’ आणि ‘न दाखवलेली’ यांच्यात परिचयाचा फरक आहेच, पण त्या मुळातच दहा-दहा चित्रांच्या दोन वेगळ्या टोपल्या आहेत. नवी दहा चित्रं मुळातच थोडी देखणी असतील तर ०.३ चा फरक तेवढ्यानेच भरून निघतो. कुठलीही टी-टेस्ट हे दोन धागे आता सोडवू शकणार नाही.

मात्र पायलट फुकट घालवू नका. ज्यांनी ही चित्रं कधीच पाहिलेली नाहीत असे २५-३० नवे सहभागी घ्या आणि त्यांच्याकडून सरळ २० चित्रांना १ ते ७ गुण घ्या. पहिला टप्पा नाही, ओळखीचा प्रश्न नाही. या गटातही ‘नवी’ दहा ०.३ च्या आसपास वरचढ निघाली तर उलट्या परिणामाचा विषय मिटला. दोन्ही दहा सारखी निघाली तर मात्र पायलटमध्ये आवड खरंच घसरली असं म्हणायला थोडी जागा उरते, आणि ती का घसरली याची कारणं तुमच्या आराखड्यातच दिसतात.

पहिलं कारण, सलग १० वेळा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्सच्या १९६८ च्या मूळ प्रयोगांत वारंवारता ०, १, २, ५, १० आणि २५ अशा होत्या, पण वेगवेगळी उद्दीपकं (दाखवायचे शब्द, चिन्हं, चित्रं) एकमेकांत मिसळून दाखवली होती; आणि कुठलं उद्दीपक किती वेळा दिसणार हेही सहभाग्यांच्या गटागणिक फिरवलं होतं, जे तुमच्याकडे राहून गेलं. बॉर्नस्टीनने १९८९ मध्ये दोनशेहून अधिक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यात मिसळून दाखवलेल्या मालिकेत परिणाम दिसतो, एकच उद्दीपक सलग दाखवलं की तो जवळजवळ नाहीसा होतो. थोडा वेळ दाखवलेल्या चित्रांत तो जास्त, साध्यापेक्षा गुंतागुंतीच्या चित्रांत जास्त, आणि दाखवणं व गुण देणं यांत खंड पडला तर जास्त. तुमचा पायलट नेमका या चारही बाबतींत उलट्या टोकाला आहे. एकच सहा पाकळ्यांचं फूल वीस सेकंद डोळ्यांसमोर धरलं की कंटाळा येणारच. मानसशास्त्रज्ञ बर्लाइन ज्याला उलट्या ‘यू’चा वक्र (आवड आधी चढते, मग उतरते) म्हणतो त्याची उतरती बाजू तुम्ही मोजली असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: ओळखीचा प्रश्न आवडीच्या आधी. या परिणामाचं सध्याचं बऱ्यापैकी मान्य स्पष्टीकरण असं की, आधी पाहिलेलं चित्र मेंदू जरा सहज हाताळतो आणि ती सहजता माणूस ‘आवडलं’ या खात्यावर जमा करतो. पण तुम्ही आधीच विचारलंत, ‘मघाशी पाहिलं होतं का?’ म्हणजे सहजतेचं खरं कारण तुम्हीच त्याच्या हातात दिलं. मग तो ती रक्कम वजा करतो, कधी गरजेपेक्षा जास्त. बॉर्नस्टीन आणि डॅगोस्टिनो यांनी १९९२ मध्ये ५ मिलिसेकंद आणि ५०० मिलिसेकंद अशी तुलना केली. जी चित्रं लोकांना ओळखता येत नव्हती त्यांच्यात परिणाम मोठा होता. तेव्हा आवडीचे गुण सगळ्या चित्रांना आधी घ्या. ओळख नंतर, वेगळ्या टप्प्यात.

मुख्य प्रयोगासाठी असा सांगाडा सुचवतो. चित्रं ४८, त्यांचे १२-१२ चे चार संच. वारंवारता चार: ०, १, ५, १०. सहभाग्यांच्या चार आवृत्त्या करा, पहिल्या आवृत्तीत क संच ० वेळा, ख १ वेळा, ग ५, घ १०, दुसरीत सगळं एक घर पुढे सरकवा, असं चौथीपर्यंत. म्हणजे प्रत्येक चित्र प्रत्येक वारंवारतेत सारख्याच लोकांना दिसेल. सहभागी संख्या चारच्या पटीत असायलाच हवी. एक जण गळला तर त्याच आवृत्तीत दुसरा घ्या. एकूण सादरीकरणं १२ × (१ + ५ + १०) = १९२. दर वेळी २ सेकंद चित्र आणि अर्धा सेकंद कोरा पडदा धरला तर बरोबर ८ मिनिटं. क्रम यादृच्छिक, पण एकच चित्र पुन्हा येण्याआधी मध्ये किमान तीन वेगळी चित्रं गेली पाहिजेत, ही अट कोडमध्ये घाला. नुसत्या ‘रँडम’वर सोडलंत तर १० वेळा येणारी चित्रं अधूनमधून पाठोपाठ येतातच.

८ मिनिटं लोक नुसते पडद्याकडे बघत बसत नाहीत, फोन काढतात. म्हणून हाताला काम द्या: चित्रावर बारीक काळा ठिपका दिसला की स्पेसबार दाबायचा. ठिपका मात्र फक्त भरतीच्या आठ-दहा चित्रांवर ठेवा, जी पुढे गुणांसाठी येणारच नाहीत. मुख्य ४८ पैकी एकावरही नको. आणि या कामात मुख्य चित्रांकडे दुर्लक्ष करायला सांगायचं नाही, म्हणजे ‘बाजूचं चित्र सोडा, डावीकडचा ठिपका बघा’ असलं काही नको. रेमंड, फेन्स्के आणि तवासोली यांनी २००३ मध्ये दाखवलं की ज्या चित्राकडे मुद्दाम कानाडोळा करावा लागतो ते नंतर कमी आवडतं. तसं झालं तर पुन्हा उलटा निकाल हातात येईल आणि त्याचा मिअर एक्स्पोजरशी काहीही संबंध नसेल.

नंतर पाच मिनिटं बेरीज-वजाबाकीचं काम, मग गुण. दुसऱ्या दिवशी बोलावलंत तर कागदावर उत्तम, पण चवथीच्या किंवा शिगम्याच्या आसपास दोन दिवसांचा प्रयोग लावू नका. अर्धे लोक गावी गेलेले असतात.

मांडवीतीर

आराखडा कुळागर यांनी सांगितला, मी चित्रांपुरतं बोलतो. कावी निवडलीत ते छान, पण तिच्यात तीन खड्डे आहेत.

एक, शून्य म्हणजे शून्य नाही. ज्यांच्या गावच्या देवळाच्या भिंतीवर कावी आहे त्यांनी ती लहानपणापासून पाहिलेली आहे. तुम्ही प्रयोगात दहा वेळा दाखवाल, जत्रांमधून त्यांच्या डोळ्यांखालून ती कितीतरी वेळा गेलेली असेल. पणजीच्या फोंतेन्हास वाड्यातल्या घरांवरच्या अझुलेजो (रंगीत चिनी मातीच्या फरशांच्या) पाट्या घेतल्या असत्या तरी पणजीच्या पोरांबाबत हेच झालं असतं. जेम्स कटिंगने कॉर्नेल विद्यापीठात इंप्रेशनिस्ट चित्रांवर केलेलं काम (२००३) नेमकं याच प्रश्नावर आहे. एखादं चित्र पुस्तकांत किती वेळा छापलं गेलं हे त्याने ग्रंथालयात मोजलं. जे जास्त छापलेलं, तेच विद्यार्थ्यांना जास्त आवडत होतं, आणि त्यातली बहुतेक चित्रं आपण आधी पाहिल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. मग एका वर्गाला त्याने कमी छापलेली चित्रं तासाच्या ओघात, काही न बोलता, दोन-दोन सेकंद दाखवली, आणि जास्त छापलेल्यांचा वरचष्मा उडाला. म्हणजे आधीचा परिचय मोजावा लागतो, तो शून्य आहे असं गृहीत धरून चालत नाही.

करायचं काय? प्रयोगात भाग न घेणाऱ्या ३० जणांकडून १०० एक नक्ष्यांना दोन गुण घ्या: किती ओळखीची वाटते आणि किती आवडते. दोन्हीत मधल्या पट्ट्यातल्या, म्हणजे साधारण ३ ते ५ मध्ये बसणाऱ्या ४८ निवडा आणि चार संच असे पाडा की दोन्ही सरासऱ्या जुळतील. अगदी ७ च्या जवळची नक्षी आणखी वर जाऊ शकत नाही आणि १ च्या जवळची उचलली जायला कठीण, म्हणून टोकं गाळायची. प्रयोग संपल्यावर प्रत्येकाला विचारा की कावी असलेलं देऊळ घरापासून किती लांब आहे आणि तिथे वर्षातून किती वेळा जाणं होतं. हे विश्लेषणात सहचल म्हणून, म्हणजे ज्याचा प्रभाव हिशेबात धरायचा असा जादा घटक म्हणून, घाला.

दोन, देवांच्या आकृत्या नकोतच. गणपतीला कुणी ७ पैकी ३ गुण देईल का? तो सौंदर्याचा गुणच नव्हे. हत्ती, मोर, वेलबुट्टी, जाळी, चक्रं, कमळं इथपर्यंत थांबा. मोराचीही संख्या चारही संचांत सारखी ठेवा, कारण त्याला लोक आपणहून वरचे गुण देतात.

तीन, फोटो. कावीत चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर चढवतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. जवळून पाहिलं तर प्रत्येक पांढऱ्या रेषेची कड किंचित खडबडीत असते, वळणावर हत्यार थबकल्याची बारीक खाच दिसते, आणि पावसाच्या झडीच्या बाजूला लाल रंग विटकरीवरून फिक्या गुलाबीपर्यंत उतरलेला असतो. डोळ्यांना ते सुंदर आहे, प्रयोगाला नाही. एका फोटोत शेवाळ, दुसऱ्यात फ्लॅशचा डाग, तिसऱ्यात ट्यूबलाइटची वायर. गुण नक्षीला मिळाले की पोपडे उडालेल्या भिंतीला, हे सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक नक्षी दोनच रंगांत उतरवून घ्या, सगळ्यांना एकच लाल आणि एकच पांढरा, ६०० × ६०० पिक्सेल, पार्श्वभूमी मध्यम राखाडी. लाल भागाचं प्रमाण मोजा. संचांमध्ये ते जुळलं पाहिजे, नाहीतर एक संच गडद आणि एक उजळ होतो.

गुंतागुंत मोजायला साधी युक्ती: सगळी चित्रं एकाच मापाची, एकाच दर्जाने जेपेगमध्ये साठवा आणि फाइल किती किलोबाइटची झाली ते पाहा. लोकांनी दिलेल्या गुंतागुंतीच्या गुणांशी हा आकडा बऱ्यापैकी जुळतो. एकट्या फुलाची फाइल लहान, जाळीदार पट्ट्याची मोठी. दोन्ही प्रकार घ्या, पण प्रत्येक संचात सारखे.

आणखी एक. वारंवार पाहून आवड वाढतेच असं मनात धरून बसू नका. मेस्किन, फेलन, मूर आणि कीरन यांनी २०१३ मध्ये थॉमस किंकेड आणि जॉन एव्हरेट मिले या दोन चित्रकारांची चित्रं विद्यार्थ्यांना वारंवार दाखवली. किंकेडची चित्रं जितकी जास्त दाखवली तितकी नावड वाढली. मिलेच्या बाबतीत तसं झालं नाही. त्यातून ‘वाईट कला उघडी पडते’ असा निष्कर्ष काढणं मला जरा घाईचं वाटतं, दोनच चित्रकार आहेत ते. पण पायलटमधल्या काही नक्ष्या नवशिक्या हाताच्या असतील तर त्यांच्यावर वेगळी नजर टाकून पाहा.

फ्रेम६०

१७ मिलिसेकंदांबद्दल. जमतं, पण तुम्हाला हवं ते त्यातून मिळणार नाही.

६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा पडदा ताजा करतो, म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. १७ म्हटलं की एक फ्रेम, ३३ म्हटलं की दोन, ५० म्हणजे तीन. ४० मिलिसेकंद या मॉनिटरवर अस्तित्वातच नाही. कोडमध्ये ४० लिहिलंत तर कधी दोन फ्रेम दिसतील, कधी तीन, आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. सायकोपायमध्ये (असे प्रयोग चालवण्याचं सॉफ्टवेअर) वेळ सेकंदांत न देता फ्रेममध्ये द्या, फ्रेममधल्या अंतरांची नोंद चालू ठेवा आणि सुटलेल्या फ्रेम मोजा. त्यातही स्वस्त एलसीडीचा पिक्सेल पांढऱ्यावरून लालवर जायला आणि परत यायला स्वतःचा वेळ घेतो, तो प्रत्येक मॉनिटरचा वेगळा.

खरी गोम पुढे आहे. चित्र पडद्यावरून गेलं तरी डोळ्यातून लगेच जात नाही. स्पर्लिंगने १९६० मध्येच दाखवलं की ५० मिलिसेकंद दिसलेल्या अक्षरांची प्रतिमा काही काळ मागे रेंगाळते आणि त्या अवधीत तिच्यातून माहिती वाचता येते. म्हणून पाठोपाठ मास्क लागतो: त्याच लाल-पांढऱ्या रंगांचे तुकडे विस्कटून केलेलं चित्र, किमान १०० मिलिसेकंद. मास्क नसेल तर एका फ्रेमचं चित्रही सहज ओळखू येतं. कुन्स्ट-विल्सन आणि झायोन्स यांचा १९८० चा प्रसिद्ध प्रयोग लोक उदाहरण म्हणून देतात, त्यात वेडेवाकडे अष्टकोन १ मिलिसेकंद दाखवले होते, आणि त्यासाठी टॅकिस्टोस्कोप (चित्र क्षणभरच दाखवणारं यंत्र) आणि प्रकाश कमी करणारे फिल्टर होते. ओळख ४८ टक्के, म्हणजे नाणेफेक. आवड मात्र जुन्याच्या बाजूने ६० टक्के. तुमच्या लॅबमध्ये ती परिस्थिती उभी करता येणार नाही. माझं मत: नकळत परिचयाचा नाद या प्रबंधात सोडा. गाइडना सांगा की हा प्रयोग उघड परिचयाचा आहे.

लॅबच्या बाकीच्या गोष्टी. विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १०० टक्क्यांवर आणा, १२५ वर असलं तर चित्रांची मापं मशीनगणिक बदलतात. ब्राइटनेस सगळीकडे सारखा, पॉवर सेव्हर आणि नाइट लाइट बंद. नाइट लाइट चालू असेल तर कावीचा लाल नारिंगी दिसतो. पावसाळ्यात वीज जातेच, आणि प्रोग्राम शेवटी एकदाच फाइल लिहिणारा असेल तर त्या सहभाग्याचा अख्खा डेटा जातो. प्रत्येक उत्तरानंतर एक ओळ फाइलमध्ये पडेल अशी व्यवस्था करा.

आणि एका वेळी दहा-बारा जण बसवता म्हणालात. शेजारच्याचा पडदा दिसत असेल तर तुमचं ‘० वेळा’ दाखवलेलं चित्र शेजारी १० वेळा चाललेलं असतं. आवृत्त्या चार केल्यावर हा गोंधळ वाढेल, कमी होणार नाही. एक खुर्ची सोडून बसवा, किंवा मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे लावा. नाहीतर एका बॅचला एकच आवृत्ती द्या. यातला आडोसा सगळ्यात बरा, कारण बॅचला एकच आवृत्ती दिली की आवृत्ती आणि बॅचची वेळ एकमेकांत अडकतात.

झेडस्कोअर

कुळागर यांच्या आराखड्यात एक फट आहे, ती आधी बुजवू. आवडीचे गुण ४८ चित्रांना घेतल्यावर ओळखीची चाचणी त्याच ४८ वर घेतली तर तोवर ‘० वेळा’ दाखवलेली चित्रंही एकदा दिसून गेलेली असतात. मग ‘पाहिलं होतं का?’ला लोक प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतात आणि खोट्या ओळखी फुगतात. ‘पहिल्या टप्प्यात, ठिपका शोधताना पाहिलं होतं का?’ असं विचारलं तरी कुठे पाहिलं हे आठवणं वेगळं काम आहे. सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे ओळखीसाठी वेगळा गट. २४ जण, प्रत्येक आवृत्तीत ६, तोच पहिला टप्पा, तीच पाच मिनिटांची बेरीज-वजाबाकी, आणि नंतर फक्त ओळख. आवडीच्या मुख्य गटाला ओळखीचा प्रश्नच नाही.

ओळखीत नुसते ‘बरोबर’चे टक्के देऊ नका. सगळ्यालाच ‘हो’ म्हणणाऱ्याचे पाहिलेल्या चित्रांतले टक्के १०० येतात. डी-प्राइम, म्हणजे पाहिलेलं आणि न पाहिलेलं वेगळं ओळखण्याच्या क्षमतेचं माप, काढा: पाहिलेल्यांना ‘हो’ म्हणण्याच्या प्रमाणाचा झेड (त्या प्रमाणाचं प्रसामान्य वक्रावरचं स्थान) वजा न पाहिलेल्यांना ‘हो’ म्हणण्याच्या प्रमाणाचा झेड. प्रमाण ० किंवा १ आलं की झेड अनंतात जातो, म्हणून ‘हो’च्या संख्येत ०.५ आणि एकूण चित्रांच्या संख्येत १ मिळवून मगच भागाकार करा, आणि हे सगळ्यांना लावा, फक्त अडचणीच्या ठिकाणी नाही. उदाहरणार्थ, १० वेळा दाखवलेल्या १२ पैकी १२ ओळखली: १२.५ ÷ १३ = ०.९६, झेड १.७७. न दाखवलेल्या १२ पैकी ३ ला ‘हो’: ३.५ ÷ १३ = ०.२७, झेड उणे ०.६२. डी-प्राइम सुमारे २.४. त्याच माणसाने एकदा दाखवलेल्या १२ पैकी ७ ओळखली तर ७.५ ÷ १३ = ०.५८, झेड ०.१९, डी-प्राइम ०.८१. खोट्या ओळखीचं प्रमाण तिन्ही वारंवारतांना एकच वापरायचं आहे, कारण न पाहिलेला संच एकच आहे. १२ न पाहिलेली चित्रं या कामाला थोडी कमीच पडतात; ओळखीच्या गटाला आणखी २४ कोऱ्या नक्ष्या जोडल्यात तर आकडा स्थिर होईल, फक्त मग भागाकार ३७ ने करायचा हे विसरू नका.

आता आवड. सहभाग्यांच्या सरासरीवर टी-टेस्ट केली की चित्रं जणू दगडावर कोरलेली, बदलणारच नाहीत असं तुम्ही गृहीत धरता. क्लार्कने १९७३ मध्ये शब्दांच्या प्रयोगांबाबत हाच आक्षेप घेतला होता. तुमचा दावा कावीच्या ‘याच ४८’ नक्ष्यांपुरता आहे, की कावीबद्दल? कावीबद्दल असेल तर मिश्र मॉडेल लागतं, ज्यात सहभागी आणि चित्र दोघंही यादृच्छिक घटक असतात. आर या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये एलएमई४ या पॅकेजने होतं. वारंवारतेचा उतार सहभागीगणिक आणि चित्रागणिक बदलू द्या. मॉडेल जुळत नसेल तर आधी उतार आणि पाया यांमधला सहसंबंध काढा, उतार लगेच टाकू नका. १ ते ७ हे क्रमवाचक गुण आहेत, म्हणून क्रमवाचक मॉडेलही चालवून पाहा; दोघांची दिशा एकच आली तर परीक्षकांपुढे बोलायला सोपं. रेषीय पदाबरोबर वारंवारतेच्या वर्गाचं (वक्र दाखवणारं) पदही घाला. माँटोया आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या आढाव्यात आवड वाढून मग उतरते असाच आकार निघाला आहे, नुसती सरळ रेषा बसवलीत तर ५ वर चढून १० वर उतरलेला परिणाम सपाट दिसेल.

सहभागी किती? ० विरुद्ध १० ही मुख्य तुलना, ८० टक्के शक्ती (परिणाम खरा असेल तर तो पकडण्याची शक्यता), दुहेरी बाजूची ०.०५ पातळी धरली तर: परिणामाचा आकार (सरासरी फरक भागिले फरकांचं प्रमाण विचलन) ०.५ असेल तर ३४, ०.४ ला ५२, ०.३ ला ९०, ०.२ ला १९९. हा साध्या जोडीच्या टी-टेस्टचा हिशेब आहे. मिश्र मॉडेलला चित्रांच्या संख्येचाही विचार करावा लागतो, पण ४८ चित्रं असताना प्रबंधापुरता हा आकडा पायाला पुरतो. ५२ हे चारच्या पटीत बसतात, प्रत्येक आवृत्तीत १३. जमत असेल तर ९२ करा.

शेवटची गोष्ट, जी हमखास कुणीतरी करतं: ओळखीचा प्रश्नही त्याच लोकांना विचारून, ज्यांची ओळख नाणेफेकीइतकी आली तेवढेच निवडून ‘बघा, नकळत परिणाम’ म्हणणं. शँक्सने २०१७ मध्ये याचे वाभाडे काढले आहेत. ओळखीची चाचणी गोंगाटी असते; तिच्यात खाली आलेले लोक निवडले की त्यांची खरी ओळख आकड्यापेक्षा वरच असते. हा मोह टाळा, आणि तुलना, गाळण्याचे निकष, मॉडेल हे सगळं डेटा घेण्याआधी तारखेसह नोंदवून ठेवा.

नक्षी_फोंडा

देव बरें करूं सगळ्यांचं. वेगळ्या ओळख-गटाचं गाइडशी बोलते. दोन शंका राहिल्या. ७ गुणांऐवजी दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवून ‘कुठलं जास्त आवडलं’ असं विचारू का? आणि पायलटच्या २० चित्रांना नव्या गटाकडून गुण घेताना कशाची काळजी घेऊ?

कुळागर

जोडी पद्धत संवेदनशील असते, पण जोड्या गुंतागुंत, लाल भाग आणि आधीची आवड या तिन्हीत जुळवाव्या लागतात, आणि मग चार वारंवारता तोलताना जोड्यांची संख्या हाताबाहेर जाते. तुमच्यासाठी ७ गुणच ठीक. टोकांना शब्द द्या, मधल्या आकड्यांना नको, आणि आकड्यावर पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू देऊ नका. लोक विचार करायला लागले की ‘ही जुनी कला आहे, चांगलं म्हटलं पाहिजे’ असं सुरू होतं. जोडी केलीतच तर दाखवलेलं चित्र अर्ध्या वेळा डावीकडे, अर्ध्या वेळा उजवीकडे. काही जण सतत एकच बाजू दाबतात.

मांडवीतीर

नव्या गटासाठी: फोटो पायलटमधलेच, जसेच्या तसे, दोन रंगांत उतरवलेले नव्हेत. पायलटमध्ये ज्यांना गुण मिळाले ते शेवाळासकटचे फोटो होते, तुलना त्यांच्याशीच करायची आहे. क्रम प्रत्येकाला वेगळा. पहिली दोन-तीन चित्रं सरावाची ठेवा, वीसमधली नाही, कारण सुरुवातीच्या चित्रांवर लोक अजून आकड्यांचा अंदाजच घेत असतात. पायलटमध्ये बसलेल्यांचे मित्र आणि एकाच वर्गातले टाळा. फोटो आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले असू शकतात.

झेडस्कोअर

आणि त्या गटात दोन दहांमधला फरक काढताना तुलना चित्रांवर करा: १० विरुद्ध १०, प्रत्येक चित्राची सरासरी. ३० माणसं असली तरी इथे तुमचे नमुने २० च आहेत, तेव्हा ०.३ चा फरक सार्थ आला नाही म्हणून दोन्ही संच सारखे आहेत असं लिहू नका. फरक आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा छापा, आणि प्रत्येक चित्राचे पायलटमधले गुण उभ्या अक्षावर व नव्या गटाचे गुण आडव्या अक्षावर असे एका आलेखावर टिंबांनी मांडा. दाखवलेली दहा टिंबं कर्णरेषेच्या खाली सरकलेली दिसतात का, ते तिथे बघा.